मीटिंगला आधी आपण जाऊ या

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही गिरणाऱ्याच्या बाजूच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आमचा गट अकरा जणींचा. कुणी द्राक्षाच्या थिनिंगला जाते, कुणी टोमॅटोच्या तोडणीला, दोघी-तिघींची स्वतःची थोडी शेती आहे. आज आम्ही दारूवर बोलणार आहोत. दारू वाईट, हे सांगायला आलो नाही. ते तुम्हाला आमच्याइतकंच ठाऊक आहे. दारू सोडू पाहणाऱ्या माणसांची एक मीटिंग असते. ती शोधायची कशी, तिथे जायचं कसं, आत काय होतं आणि घरचा माणूस यायला तयारच नसला तर काय करायचं, एवढंच सांगायचंय.

पण आधी आमची चूक सांगतो.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचे तीन महिने हप्ते थकले. पहिल्या महिन्यात म्हणाली, मजुरी मिळाली नाही. दुसऱ्या महिन्यात म्हणाली, म्हैस माहेरी पाठवलीय, दुधाचे पैसे थांबलेत. तिसऱ्या महिन्यात ती बैठकीलाच आली नाही. आम्ही नियमाप्रमाणे दंड लावला. दोघी-तिघी लागेल असंही बोललो. चौथ्या महिन्यात तिची नववीतली मुलगी बैठकीला आली. हातात हप्त्याचे पैसे. रविवारी तोडणीला जाऊन तिने ते मिळवले होते. ती म्हणाली, "मावशी, आईला कुणी बोलू नका. म्हैस मामाकडे नाहीये. पप्पांनी विकली."

बैठकीत कुणालाच काही बोलता येईना. कारण खरं सांगायचं तर आम्हाला सगळं माहीत होतं. भाऊजी पितात हे माहीत होतं. रात्री त्या घरातून आवाज येतात हे माहीत होतं. हप्त्याची वही आम्ही दर महिन्याला उघडत होतो, पण "घरी काय चाललंय गं?" एवढं कुणी विचारलं नव्हतं. तीही लपवत होती आणि आम्हीही न पाहिल्यासारखं करत होतो. दारू अशा झाकण्यावरच वाढते, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आज हे सगळं आम्ही तिला विचारून सांगतोय. ती इथे आमच्या शेजारीच बसली आहे. काय सांगायचं, काय नाही, ते तिनेच ठरवलंय. तिचं नाव मात्र आम्ही घेणार नाही.

त्या दिवसापासून आम्ही मदत करायला निघालो. पण पहिली मदत सगळी चुकीची. एकीने सांगितलं, गडावर नेऊन देवीची शपथ घाल. एकीने सांगितलं, माळ घालायला लाव. शपथेने, माळेने सुटलेली माणसं आहेत, आम्ही त्याला नावं ठेवत नाही. पण भाऊजींनी शपथ दोनदा घेतली होती आणि दोनदा मोडली होती. मोडल्यावर लाजेने आणखी प्यायले होते. तिसरी एक जण म्हणाली, बाजारात पावडर मिळते, न सांगता चहात घालायची.

मैत्रिणींनो, हे नीट ऐका. दारू सोडवायची काही औषधं अशी असतात, की ती पोटात असताना माणूस दारू प्यायला तर उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब एकदम खाली येतो. जीवही जाऊ शकतो. डॉक्टर ती तपासण्या करून, माणसाला समजावून, त्याच्या संमतीने देतात. चोरून दिलेली पुडी म्हणजे जिवाशी खेळ. त्या पुडीत काय आहे हे विकणाराही सांगत नाही. म्हणून जाहिरात कितीही गोड असू द्या, न सांगता काहीही द्यायचं नाही.

शेवटी आमच्या आशाताईंनी रस्ता दाखवला. त्या म्हणाल्या, दारूचा हा पाश म्हणजे आजार आहे, ताप-खोकल्यासारखा नाही, साखरेच्या आजारासारखा. आयुष्यभर सांभाळावा लागतो, पण सांभाळता येतो. त्यांनी आम्हाला दोन नंबर दिले. १४४४६, ही व्यसनमुक्तीची सरकारी मदतवाहिनी. आणि १४४१६, ही टेलिमानस, मनाच्या आजारासाठीची. दोन्ही फोन फुकट. टेलिमानसवर मराठीत बोलता येतं आणि ती दिवसरात्र चालू असते. हे नंबर आत्ताच लिहून ठेवा. पेन नसेल तर पोरांना मोबाईलमध्ये टाकायला सांगा.

पुढे दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंकडून आम्हाला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसबद्दल कळलं. लोक त्याला ए.ए. म्हणतात. अॅनॉनिमस म्हणजे नाव न सांगता. ही काही सरकारी योजना नाही, दवाखाना नाही, आश्रमही नाही. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी एका खोलीत बसतात आणि एकमेकांशी बोलतात. फी नाही, अर्ज नाही, आधार कार्ड नाही. दारू सोडायची इच्छा असली की माणूस सभासद झाला. चहाच्या, भाड्याच्या खर्चासाठी शेवटी एक पिशवी फिरते. सभासद जमेल ते टाकतात, नाही टाकलं तरी कुणी बघत नाही. बाहेरच्या कुणाची देणगी ते घेत नाहीत.

याची सुरुवात कशी झाली तेही सांगतो, कारण ती फोनवरूनच झाली. १९३५ साली अमेरिकेत बिल नावाचा एक शेअर बाजारातला माणूस कामासाठी अॅक्रन नावाच्या गावी आला होता. दारूने त्याचं वाटोळं झालं होतं, काही महिन्यांपूर्वीच त्याने ती सोडली होती. तिथे त्याचं काम फिसकटलं. हॉटेलात एकटाच, समोर दारूचा बार. त्याला वाटलं, आता आपण पिणार. तेव्हा बारमध्ये जायच्या ऐवजी त्याने फोन लावायला सुरुवात केली, दारूने गांजलेला दुसरा कुणी बोलायला मिळेल का म्हणून. शोधता शोधता त्याला बॉब नावाचे एक डॉक्टर भेटले. शस्त्रक्रिया करणारे मोठे डॉक्टर, पण दारूपायी पार खचलेले. दोघे तासन्‌तास बोलत बसले. डॉक्टर बॉब शेवटचं प्यायले ते १० जून १९३५ रोजी. तोच ए.ए.चा जन्मदिवस मानतात. आपल्या देशात ए.ए. १९५७ पासून आहे.

यातली आम्हाला पटलेली गोष्ट ही, की पिणाऱ्याला उपदेश सगळे करतात. बायको करते, सासू करते, सरपंच करतात. पण ज्याने स्वतः हे भोगलंय आणि जो त्यातून बाहेर आलाय, त्याच्यासमोर खोटं बोलता येत नाही, आणि लाजही वाटत नाही.

आता फोनवर काय विचारायचं? आम्ही पहिल्यांदा फोन लावला तेव्हा घाबरून अर्धं विचारलंच नाही, पुन्हा लावावा लागला. म्हणून तुम्ही आधी लिहून ठेवा. मीटिंग कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ? मराठीत असते का? जागेची खूण काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मीटिंग खुली आहे की बंद? बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांसाठी असते. खुल्या मीटिंगला घरचे, शेजारचे, कुणीही जाऊन ऐकू शकतं. घरच्यांसाठी वेगळी मीटिंग असते का, तेही विचारा. तिला अल-अॅनॉन म्हणतात. जागा आणि वेळा बदलत असतात, म्हणून निघायच्या दिवशी पुन्हा एक फोन करा. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे आपलं आपण आधीच बघून ठेवा.

आम्हाला कळलेली मीटिंग गंगापूर रोडला होती. जागेचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना ते आवडणार नाही. ठरलं असं, की भाऊजी, आमची मैत्रीण आणि आम्ही चौघी जायचं. निघायच्या वेळेला भाऊजी ओट्यावर बसून राहिले. म्हणाले, "मी काय बेवडा आहे का? जा तुम्हीच." मैत्रीण रडायला लागली. म्हणाली, संपलं, आता कशाला जायचं. आम्ही फोन लावला. पलीकडचे दादा शांतपणे म्हणाले, "ताई, ते नाही आले तरी तुम्ही या. आज खुली मीटिंग आहे." मग आम्ही पाच जणीच निघालो.

दुगाव गेलं, गोवर्धन गेलं, गंगापूर गाव, सोमेश्वर, आनंदवल्ली. तो रस्ता आम्हाला पाठ आहे, भाजीच्या गाडीतून आम्ही त्यावर कितीदा आलो-गेलोय. त्याच बाजूला वाईनच्या बागा आहेत, शनिवार-रविवारी तिकडे गाड्यांची रांग असते. लोक म्हणतात वाईन म्हणजे दारू नव्हे. ज्याला हा आजार आहे त्याच्यासाठी वाईन, बिअर, देशी, ताडी सगळं एकच, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

जागा सापडली, पण आम्ही दारावरून दोनदा पुढे गेलो. पदर डोक्यावर ओढून. कुणी गावचं बघेल, कुणी म्हणेल या बाया इथे कशाला. तिसऱ्यांदा दारातल्या एका काकांनीच विचारलं, "मीटिंगला आलात का? या माई, चहा घ्या." एवढंच. कोण, कुठल्या, कशाला, काही नाही.

आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंधरा-सोळा माणसं. आम्हाला वाटलं होतं, दारू प्यायलेली, दाढी वाढलेली माणसं असतील. होती ती आपल्यासारखीच. एक ड्रायव्हर, एक निवृत्त मास्तर, कंपनीत जाणारा एक पोरगा. आणि एक बाईही, आपल्या दारूबद्दल बोलणारी. बाया पीत नाहीत असं आपण समजतो. पितात, आणि त्यांना तर आणखी लपवावं लागतं. त्या मीटिंगमध्ये तिलाही सगळ्यांसारखीच खुर्ची होती.

एकेक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि आपलं सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही. सल्ला देत नाही, हसत नाही. संपलं की सगळे त्याला धन्यवाद म्हणतात. बोलायची सक्ती नाही, आम्ही पाची जणी नुसत्या ऐकत बसलो. देवाचं नाव येतं, पण कोणत्या देवाचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. कोणत्या धर्माचा, कोणत्या पक्षाचा, कोणत्या जातीचा, हे कुणी विचारलं नाही. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर आली. आयुष्यभरासाठी सोडली असं कुणीच म्हणालं नाही. सगळे म्हणाले, आजचा दिवस प्यायलो नाही. वीस वर्षं झालेला माणूसही आजच्याच दिवसाचं बोलला.

त्यांच्या गोष्टी आम्ही तुम्हाला सांगणार नाही. तिथलं ऐकलेलं तिथेच ठेवायचं, हा नियम आहे. त्या भरवशावरच तर माणसं बोलतात. तुम्ही गेलात आणि गावचा कुणी तिथे दिसला, तर बाहेर आल्यावर ते विसरून जा.

मीटिंग संपल्यावर एक वयस्कर बाई आमच्या मैत्रिणीजवळ येऊन बसल्या. त्यांच्याही घरी हेच झालेलं. मैत्रीण भाऊजींबद्दल सांगायला लागली, काय करू, कसं करू. त्या म्हणाल्या, "त्यांचं राहू दे घडीभर. तू सकाळपासून जेवलीस का?" ती जेवली नव्हती.

त्यांनी तिला अल-अॅनॉनबद्दल सांगितलं. ए.ए.च्या सुरुवातीच्या काळात नवरे मीटिंगला बसायचे आणि बरोबर आलेल्या बायका बाजूला आपसांत बोलत बसायच्या. बोलता बोलता त्यांना कळलं, की पीत नसलो तरी या आजाराने आपल्यालाही धरलंय. रात्रभर जागायचं, बाटल्या शोधायच्या, लोकांपुढे खोटं बोलायचं, पोरांवर ओरडायचं. म्हणून १९५१ साली बिलची बायको लोईस आणि तिची मैत्रीण अॅन यांनी घरच्यांसाठी वेगळी संघटना काढली. घरच्यांनी तिथे शिकायचं ते हे, की त्याची दारू आपल्यामुळे लागली नाही, आपल्या धाकाने ती थांबणार नाही आणि आपल्या मायेने ती बरीही होणार नाही. आपण फक्त आपल्याला सावरू शकतो. आणि घरातलं एक माणूस सावरलं की घराची रीत बदलते.

हे ऐकायला सोपं वाटतं. आमच्या मैत्रिणीने काय बदललं ते सांगतो. भाऊजींची गुत्त्यावरची उधारी भरणं तिने बंद केलं. ठेकेदाराला फोन करून "त्यांना ताप आहे" म्हणणं बंद केलं. पिऊन आल्यावर भांडणं बंद केलं, बोलायचं ते सकाळी, शुद्धीत असताना, दोन वाक्यांत. मुलीला जवळ घेऊन खरं सांगितलं, की पप्पांना आजार आहे, तुझ्यामुळे नाही झालेला. आणि दर आठवड्याला ती मीटिंगला जात राहिली. आम्ही पाळी लावली होती, तिच्याबरोबर एक जण जायची, एक जण मुलीजवळ थांबायची.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. आजार आहे म्हणून मार सहन करायचा, असा अर्थ कुणी काढू नका. अंगावर हात पडला तर आधी घराबाहेर पडा, शेजारी जा, ११२ ला किंवा महिलांच्या १८१ ला फोन करा. घरातल्या हिंसेविरुद्ध २००५ सालचा कायदा आपल्या बाजूने आहे. मीटिंग नंतर, जीव आधी.

सातव्या आठवड्यात भाऊजींनी विचारलं, "तुम्ही तिथे बसून माझी गाऱ्हाणी करता का?" ती म्हणाली, "तुमचं नावसुद्धा निघत नाही. मी माझं बोलते." पुढच्या वेळेला ते म्हणाले, येतो, पण मागे बसेन. आम्ही लगेच निघालो नाही. मीटिंगमधल्या दादांनीच आधी डॉक्टरकडे पाठवलं. हेही लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाने एकदम दारू तोडली तर काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही. पुढच्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस बरळतो. लोक त्याला बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेतात आणि माणूस हातचा जातो. त्याला सरळ दवाखान्यात न्यायचं. सिव्हिलमध्ये मानसोपचाराचे डॉक्टर असतात. काहींना भरतीच करावं लागतं.

भरतीचं केंद्र निवडताना नोंदणी आहे का, डॉक्टर असतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. कोंडून ठेवणं, मारहाण करणं म्हणजे उपचार नव्हे. पुण्याचं मुक्तांगण तुम्ही ऐकलं असेल. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. सुनंदा अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्यासाठी देणगी दिली होती. तिथेही पिणाऱ्याबरोबर त्याच्या बायकोशी बोलतात, बायकांचा वेगळा गट आहे. कारण ती सावरल्याशिवाय घर सावरत नाही, हे त्यांनीही ओळखलं.

आता भाऊजींचं पुढे काय झालं? उपचार झाले, मीटिंगला जायला लागले, दोन महिने एक थेंब नाही. मग भाच्याच्या हळदीत प्यायले. आम्हाला वाटलं, सगळं पाण्यात गेलं. दोघी तर चिडून म्हणाल्या, आता यांचं नावच नको. पण त्या आठवड्यात आमची मैत्रीण एकटी मीटिंगला गेली. तिथे कळलं, की घसरणं हे या आजारात पुष्कळांचं होतं. घसरला म्हणजे पहिले दोन महिने खोटे ठरत नाहीत. पुन्हा येऊन बसायचं, एवढंच. दहा दिवसांनी भाऊजी परत गेले. काय बोलले ते आम्हाला माहीत नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

आज आम्ही हे बोलतोय तेव्हा त्यांना एकोणचाळीस दिवस झालेत. उद्याचं आम्ही सांगत नाही, तेही सांगत नाहीत. म्हैस परत आलेली नाही. मुलगी आता रविवारी तोडणीला जात नाही, अभ्यासाला बसते. आणि आमच्या मैत्रिणीचा हप्ता गेल्या महिन्यात वेळेवर आला. तो आला नसता तरी आम्ही आता दंडाची वही आधी उघडली नसती.

आमच्या गटाने एक नवा नियम केलाय. हप्ता चुकला की आधी दोघींनी घरी जायचं, चहा प्यायचा आणि विचारायचं, बरं आहे ना गं? बैठकीत सगळ्यांसमोर नाही. आमच्या बाजूच्या एका गावात बायांनी दारूच्या दुकानाविरुद्ध आडव्या बाटलीचा विषय काढलाय, आमचा त्यांना पाठिंबा आहे. पण दुकान बंद झालं तरी घरातला आजारी माणूस आणि त्याची दमलेली बायको तिथेच असतात. त्यांना दार दाखवायचं काम आपलं.

तेव्हा मैत्रिणींनो, तो येईल तेव्हा जाऊ, अशी वाट बघू नका. नंबर पुन्हा सांगतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. मनावर ताण असेल तर टेलिमानस १४४१६. महिलांसाठी १८१. तुमच्या गटात अशी कुणी असेल तर तिला आज संध्याकाळी भेटा. मीटिंगला तिला एकटीला पाठवू नका. पहिल्या दिवशी बरोबर जा, दारावरून दोनदा पुढे गेलात तरी तिसऱ्यांदा आत जा.